फील्ड ग्रे नेमका कुठला? बारक्या फिगर्सवरच्या ऑइल ग्रेची पार्श्वभूमी

५४ एमएमचा, म्हणजे साधारण साडेपाच सेंटिमीटर उंचीचा, जर्मन सैनिकाचा बारका पुतळा (फिगर) रंगवायला घेतला की पहिल्या संध्याकाळी काळा आणि पांढरा मिसळून ग्रे केला जातो, आणि सकाळी उजेडात बघितलं की फिगरवर चक्क निळसर, सिमेंटसारखा मेलेला रंग दिसतो. दोष हाताचा नाही. बहुतेक काळ्यांमध्ये पांढरा घातला की तो निळ्याकडेच जातो, आणि जर्मन गणवेशाच्या ज्या रंगाला फील्ड ग्रे म्हणतात तो तर मुळात निळ्याच्या विरुद्ध बाजूचा.

जुना इतिहास पटकन उरकतो. नुसत्या करड्या छटांमधली चित्रं युरोपात पंधराव्या शतकात होतीच, अठराव्या शतकाच्या शेवटी एका इंग्लिश वॉटरकलरवाल्याने निळा, पिवळा आणि लाल मिसळून सावल्यांसाठी एक ग्रे केला, तोच आजचा पेन्स ग्रे, फक्त आजच्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा निळा आणि काळा एवढंच असतं. १८४१ मध्ये पिळायची धातूची ट्यूब आली, टायटॅनियम व्हाइट पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. फिगर्सच्या बाजूने बघितलं तर न्यूरेंबर्गकडच्या चपट्या कथलाच्या शिपायांवर सावली रंगानेच काढावी लागायची, कारण चपट्या तुकड्यावर खरी सावली पडणार कुठून, म्हणून त्या मंडळींना ऑइल, म्हणजे तैलरंग, लवकर पटलं. १८९३ पासून लंडनचे पोकळ शिसाचे शिपाई आले, ते मात्र चकचकीत, एकाच सपाट रंगाचे.

आता मुद्द्यावर येतो, फेल्डग्राऊ, म्हणजे फील्ड ग्रेचं मूळ जर्मन नाव. शब्दाचा अर्थ "मैदानी करडा", आणि सगळा घोळ या नावातच आहे. १८८० च्या दशकात धूर न होणारी बंदुकीची दारू आली, रणांगणावरचा धुराचा पडदा गेला आणि गडद निळा कोट लांबून दिसायला लागला. जर्मनांनी १९०७ पासून नव्या रंगाच्या चाचण्या केल्या, १९१० मध्ये तो अधिकृत केला, आणि नाव दिलं करड्याचं, जरी कापडात हिरवट झाक पहिल्यापासून होती. मराठीत यासाठी नेमका शब्द नाही. राखाडी म्हटलं की चुलीतली राख आठवते, करडा म्हटलं की मिठ-मिरी केस, आणि फेल्डग्राऊ यातला एकही नाही. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर शेवाळ येऊन ते वाळतं ना, त्याच्या सगळ्यात जवळ. मी त्याला शेवाळी राखाडी म्हणतो, कुणाला पटो न पटो.

बरं, एक शब्द असला तरी रंग एक नाही. १९१४ पासून पँट वेगळी, "दगडी करडी", म्हणजे खरा ग्रे. १९३६ च्या कोटाला कॉलर गडद बाटली हिरवी, पँट पुन्हा दगडी. १९४० मध्ये पँटही फील्ड ग्रे झाली, कॉलरही त्याच कापडाची व्हायला लागली. पुढे लोकर कमी पडली, तिच्यात इतर धागे मिसळले, आणि छटा हाताबाहेर गेली, कुठे उंदरासारखी, कुठे हिरवट. १९४४ च्या आखूड जॅकेटचा रंग तर ऑलिव्ह-तपकिरीकडे झुकलेला, तरी नावात फेल्डग्राऊच. त्यामुळे "बरोबर फील्ड ग्रे कुठला" हा वाद वर्षानुवर्षं चालतो, आणि भांडणारे दोघेही कापडाचा तुकडा दाखवतात. एकाचा १९३८ चा, दुसऱ्याचा १९४३ चा. त्यात तुकडा जुना, उन्हाने उडालेला, आणि रंगीत फोटो दाखवला तर त्या काळच्या फिल्मचे रंगही काळाबरोबर सरकलेले. मला म्युझियमच्या तुकड्याशी तंतोतंत मॅच करणं हा हट्ट वाटतो, कारण ती लोकर मुळातच वेगवेगळ्या रंगांचे तंतू मिसळून विणलेली. कापडच मिश्रण आहे, तर एकाच बाटलीतून त्याची नक्कल कशी निघेल?

हे फक्त जर्मनांचं नाही. फ्रेंचांनी १९१४ मध्ये लाल, पांढरे, निळे तंतू मिसळलेलं कापड ठरवलं होतं, पण लाल डाय जर्मनीहून यायचा, तो बंद पडला, लाल वगळला आणि उरलं ते "क्षितिज निळं". अमेरिकन यादवीतल्या दक्षिणेच्या सैन्याचा करडाही कागदावरच नीट होता, वनस्पतीच्या डायने रंगवलेलं कापड उन्हात तपकिरी व्हायचं.

म्हणूनच इथे ऑइल कामाला येतं. आयव्हरी ब्लॅकमध्ये यलो ऑकर घाला, काळा-पिवळा मिळून हिरवा होतो, मग पांढरा. हा झाला फील्ड ग्रेचा पाया, हिरव्या ट्यूबला हातसुद्धा लावायचा नाही. दगडी पँटसाठी अल्ट्रामरिन (निळा), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढरा, म्हणजे शेजारी ठेवले की दोन ग्रे आपोआप वेगळे दिसतात. रंग बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवायचा, पुठ्ठा तेल ओढतो, गोल तेलकट डाग पसरलेला दिसतो, आणि चकाकी कमी होते. सावलीत काळा नको, पेन्स ग्रेमध्ये थोडा अंबर. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो, आणि जुलैत कोकणात तर आठवडा झाला तरी बोटाला लागतो, मी फिगर डब्यात घालून वर बल्ब लावतो.

पन्नाशी-साठीच्या दशकात एनॅमलचे छोटे डबे आले, सत्तरच्या आसपास युरोपातले चांगले हात ऑइलकडे वळले, नंतर ड्रॉपरच्या अ‍ॅक्रिलिकने बहुतेकांना तिथून हलवलं. २००० नंतर ऑइल परत आलं ते रणगाड्यांमुळे, वॉश आणि फिल्टर करायला (म्हणजे पातळ केलेल्या रंगाचा हात देऊन खाचा गडद करायला किंवा छटा बदलायला), आणि त्याबरोबर फिगरसाठी तयार "फील्ड ग्रे" ट्यूबाही. मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्यूबा एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी पिळून बघितल्या होत्या. एक हिरवी, एक निळसर, एक गढूळ पाण्यासारखी, आणि तिन्हींच्या लेबलवर एकच नाव.