लहान औद्योगिक नगरांतील कामगार-निवासाचे नियोजन

लहान गावात कारखाना, खाण किंवा वीजकेंद्र येते तेव्हा तिथे काम करणाऱ्यांनी राहायचे कुठे, किती भाड्यात, कोणाच्या मालकीच्या घरात, आणि उद्योग बंद पडल्यावर त्या घरांचे काय, याची आगाऊ केलेली आखणी म्हणजे कामगार-निवासाचे नियोजन. मोठ्या शहरात पाचशे कामगार वाढले तरी ते सहज सामावून जातात, कारण तिथे रोज शेकडो घरे रिकामी होत असतात आणि भरत असतात. पाच-दहा हजार वस्तीच्या गावात तेवढ्याच कामगारांमुळे भाडी अस्मानाला भिडतात. शिवाय अशा गावात मोठा रोजगार देणारा बहुधा एकच असतो. घरही त्याच्याच मालकीचे असेल, तर माणसाची नोकरी आणि डोक्यावरचे छप्पर एकाच खुंटीला टांगले जाते. खुंटी निखळली की दोन्ही एकदम खाली येतात. हे टाळणे हाच या नियोजनाचा गाभा मानला पाहिजे. घरांची संख्या, आकार आणि रचना हे प्रश्न त्यानंतरचे.

पूर्वपीठिका. पाण्याच्या प्रवाहावर चालणाऱ्या गिरण्या वस्तीपासून दूर, नदीच्या उतारावर उभ्या राहत. तिथे माणसे आणायची तर घरे बांधण्यावाचून मालकाला गत्यंतर नव्हते. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क या गिरणीगावाची उभारणी १७८५ च्या सुमारास डेव्हिड डेल यांनी सुरू केली आणि १८०० पासून रॉबर्ट ओवेन यांनी ते चालवले. तेथील मुलांच्या शाळेमुळे ते गाव नावाजले. यॉर्कशरमध्ये टायटस सॉल्ट यांनी १८५१ पासून सॉल्टेअर वसवले. १८८८ मध्ये साबण कारखानदार विल्यम लिव्हर यांनी पोर्ट सनलाइटची सुरुवात केली. या सर्व ठिकाणी तत्कालीन औद्योगिक शहरांतील कोंदट गल्ल्यांपेक्षा घरे निश्चितच चांगली होती. पण कामगार तिथे मालकाच्या मर्जीने राहत होता आणि त्याच्या वागणुकीवर मालकाची नजर होती.

या व्यवस्थेतील धोका शिकागोजवळच्या पुलमन या नगरात उघडा पडला. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी १८८० पासून ते वसवले. विटांची नीटस घरे, नळाचे पाणी, बाग, बाजार, ग्रंथालय असे सगळे तिथे होते आणि सगळ्यावर कंपनीची मालकी होती. चर्चची इमारतसुद्धा भाड्याने द्यायची होती आणि ते भाडे परवडेना म्हणून ती बरीच वर्षे रिकामी राहिली. १८९३ च्या मंदीत कंपनीने मजुरी सुमारे एक चतुर्थांशाने कापली, घरभाडे मात्र एका पैशाने कमी केले नाही. आसपासच्या वस्त्यांपेक्षा ते मुळातच वीस-पंचवीस टक्क्यांनी जास्त होते, असे नंतर सरकारी चौकशी आयोगाला आढळले. १८९४ च्या मे महिन्यात संप झाला, तो देशभरच्या रेल्वेवर पसरला आणि सैन्याच्या बळावर मोडून काढला गेला. १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने उद्योगाशी संबंध नसलेली मालमत्ता विकून टाकण्याचा आदेश कंपनीला दिला. घरे चांगली असूनही नगर फसले, म्हणून नियोजनाच्या विद्यार्थ्याने पुलमन बारकाईने अभ्यासावे.

वेगळी वाट त्याआधीच एका ठिकाणी सापडली होती. फ्रान्समधील म्यूलूझ या कापडगिरण्यांच्या गावात १८५३ मध्ये कारखानदारांनी एक गृहसंस्था काढली. तिने एका छपराखाली चार घरे असा नमुना वापरला. प्रत्येक घराच्या दोन भिंती मोकळ्या आणि कोपऱ्यात स्वतंत्र बागेचा तुकडा. जमीन कमी लागे, विटा कमी लागत, तरी हवा-उजेड मिळे. खरे वैशिष्ट्य मात्र पैशाच्या रचनेत होते. ही घरे भाड्याची नव्हती. पंधरा-एक वर्षांच्या हप्त्यांनी ती कामगाराच्या नावावर होत. एकोणिसाव्या शतकाअखेर अशी सुमारे १,२४० घरे बांधून झाली. पुढे या घरांचे मालक झालेल्यांनी त्यांत खोल्या वाढवल्या, माळे चढवले, दारे बदलली. ‘मूळ रचना बिघडली’ अशी खंत वास्तुविशारदाला वाटेल. पण ज्या घरात राहणारा माणूस भिंत हलवू शकतो तेच खरे त्याचे घर, आणि त्या अर्थाने म्यूलूझ यशस्वी झाले.

इंग्लंडमध्ये बोर्नव्हिल येथील चॉकलेट कारखान्याचे मालक जॉर्ज कॅडबरी यांनी १९०० मध्ये तेथील घरे व जमीन कारखान्यापासून तोडून एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे सोपवली आणि ती घरे इतरत्र काम करणाऱ्यांनाही खुली ठेवली. भारतात साकची येथे पोलाद कारखान्यासाठी वसलेल्या आणि १९१९ मध्ये जमशेदपूर हे नाव मिळालेल्या नगराची कथा दुसरा धडा देते. पहिला आराखडा वाढीपुढे अपुरा पडला. त्यानंतर टेंपल, स्टोक्स आणि १९४० च्या दशकात ओटो कोनिग्सबर्गर या नियोजनकारांकडून एकामागून एक आराखडे करवून घ्यावे लागले. आराखड्याबाहेर राहिलेली माणसे काही गाव सोडून जात नाहीत, ती कडेला झोपड्या घालतात.

गरज मोजणे. सर्वाधिक चुका इथे होतात. ‘सहाशे नोकऱ्या, म्हणून सहाशे घरे’ हे गणित सोपे आणि चुकीचे आहे. समजा, सहाशे जणांना काम मिळणार आहे. त्यांपैकी अडीचशे आधीच पंचक्रोशीत राहतात. बाहेरून येणाऱ्या साडेतीनशेंपैकी १४० जण एकटे येतील आणि २१० कुटुंबासह. या २१० पैकी काही जोडप्यांत दोघेही त्याच कारखान्यात असतील, म्हणून कुटुंबे धरू १९०. कारखान्यामागोमाग दुकानदार, शिक्षक, परिचारिका, वाहनचालक येतात. त्यांची ४० कुटुंबे धरली तर एकूण २३० घरे आणि १४० खाटांची सोय लागेल. बाजार हलता राहावा म्हणून पाचएक टक्के घरे रिकामी हवीत, नाहीतर लग्न झालेल्या मुलालाही गावात खोली मिळत नाही. म्हणजे आणखी १२. गावात राहण्याजोगी तीस घरे रिकामी असतील तर ती वजा. नवी बांधायची घरे साधारण २१२ निघतात. ही संख्या काल्पनिक आहे, पण पायऱ्या सगळीकडे याच.

या हिशेबातून दोन गट नेहमी सुटतात. पहिला गट कंत्राटी कामगारांचा. ते ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात, कारखान्याच्या नव्हे, म्हणून घरांच्या यादीतही नसतात. साफसफाई, चढउतार, देखभाल ही कामे वर्षानुवर्षे तेच करतात. त्यांना न मोजता केलेले नियोजन निम्म्या गावाचेच नियोजन होय. दुसरा गट बांधकामाच्या काळातला. कारखाना चालवायला सहाशे माणसे लागतात तिथे उभारताना दीड-दोन वर्षे त्याहून कितीतरी जास्त लागू शकतात. ही माणसे सर्वांत आधी येतात आणि मिळेल ते भाडे देतात. तुटपुंज्या मिळकतीचे जुने भाडेकरू, म्हणजे म्हातारी माणसे, एकट्या बाया आणि रोजंदारीवरची कुटुंबे, पहिला कामगार कायम होण्याच्या आधीच गावाबाहेर ढकलली जातात. अमेरिकेतील उत्तर डकोटा राज्यात विलिस्टनला तेलाच्या तेजीत आणि ऑस्ट्रेलियातील पिल्बरा भागात लोहखनिजाच्या तेजीत हेच घडले. म्हणून तात्पुरत्या छावण्या कारखान्याच्या पायाभरणीआधी तयार हव्यात. त्या जिथे पुढे कायम वस्ती होणार तिथेच घातल्या, तर टाकलेली जलवाहिनी आणि रस्ता वाया जात नाही.

घरे आपोआप का बांधली जात नाहीत. मागणी आहे, जमीन आहे, तरी लहान गावात घरे उभी राहत नाहीत, याचे नवल बाहेरच्यांना वाटते. कारण सरळ आहे. घर बांधायला जेवढा खर्च येतो तेवढी किंमत त्या गावात घराला नसते. सिमेंट, लोखंड, कारागीर दुरून आणावे लागतात, त्यामुळे खर्च शहराइतका किंवा जास्त होतो. विक्रीची किंमत मात्र जुन्या घरांच्या व्यवहारांवरून ठरते. बँक कर्ज देते ते या किमतीवर. मधली तूट बांधणाऱ्याने खिशातून भरायची, तीही कारखाना टिकेल की नाही याची खात्री नसताना. कोणताही शहाणा व्यावसायिक अशा ठिकाणी पैसा घालत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

ही तूट कोण भरणार, यावर सगळे अवलंबून असते. नगरपालिका जमीन मिळवून रस्ते, पाणी आणि मलनिस्सारण स्वतः करू शकते. मग घरबांधणाऱ्याचा खर्च बराच उतरतो. (वास्तविक बहुतेक लहान गावांत अडते ते जमिनीवाचून नव्हे, सांडपाणी-शुद्धीकरणाच्या क्षमतेवाचून, हे आराखड्याच्या रंगीत नकाशात दिसत नाही.) उद्योग स्वतः घरे न बांधता ‘इतकी घरे इतकी वर्षे भाड्याने जातील’ अशी हमी देऊ शकतो. त्या कागदावर बँक कर्ज देते. सहकारी संस्था किंवा विश्वस्त संस्था जमीन सामाईक ठेवून घर सभासदाला देऊ शकते. उद्योगाचा पैसा घ्यायचा पण मालकी द्यायची नाही, याचे मोठे उदाहरण फ्रान्सचे आहे. रूबे-तुर्क्वाँ या कापडउद्योगाच्या परिसरात १९४३ मध्ये मालकांनी मजुरीच्या एक टक्का रक्कम घरांसाठी बाजूला काढण्याची प्रथा पाडली, आणि १९५३ मध्ये दहापेक्षा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ती सक्तीची झाली. पुढे हे प्रमाण निम्म्याखाली आले, तरी व्यवस्था टिकली.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६१ ची ११५ क्रमांकाची शिफारस याच दिशेची आहे. मालकाने कामगारांना थेट घरे पुरवणे सर्वसाधारणपणे इष्ट नाही, असे ती म्हणते. अपवाद दोन प्रकारचे : उद्योग वस्तीपासून फार दूर असेल, किंवा कामाच्या स्वरूपामुळे माणूस हाकेच्या अंतरावर हवा असेल. त्या अपवादात घर दिले तरी नोकरी संपल्यावर ते सोडण्यास वाजवी मुदत मिळाली पाहिजे. मुदत करारात महिन्यांच्या आकड्यात लिहिलेली असावी. ‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ नोकरी गेलेल्या माणसाने व्यवस्थापकाला विचारत बसावे, हे बरोबर नाही.

जागा आणि घर. घर कामापासून पायी किंवा सायकलने गाठता येईल इतके जवळ हवे, पण भिंतीला चिकटून नको. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेचा पहिला तडाखा कारखान्यालगतच्या वस्त्यांना बसला. युरोपात इटलीतील सेवेसो येथील १९७६ च्या रासायनिक अपघातानंतर जो निर्देश आला, त्याच्या १९९६ च्या सुधारित रूपात धोकादायक उद्योग व वस्ती यांतील अंतर हा भूवापर नियोजनाचा भाग ठरवला गेला. अंतर नुसते आखून भागत नाही. मधली जमीन कोणाच्या तरी ताब्यात आणि वापरात, म्हणजे वृक्षलागवड, गोदाम किंवा शेती अशा रूपात, राहिली तरच ती मोकळी राहते.

नवी घरे कुंपणाआड वेगळ्या वसाहतीत घालण्यापेक्षा जुन्या गावातील मोकळ्या भूखंडांवर विखुरणे चांगले. शाळा, दवाखाना, बाजार जुन्या आणि नव्या रहिवाशांचा एकच राहतो. मात्र हे सावकाशीचे काम आहे आणि प्रत्येक भूखंडाचे हक्कपत्र तपासावे लागते, म्हणून प्रशासनाला ते नकोसे वाटते.

पाळीत काम करणाऱ्याच्या घराला एक वेगळी गरज असते, ती म्हणजे दिवसा झोप. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाला रस्त्याकडची, स्वयंपाकघराला लागून असलेली खोली उपयोगाची नाही. एक खोली मागच्या बाजूला, जाड भिंतीची आणि अंधार करता येईल अशी ठेवली तर घराचा खर्च फारसा वाढत नाही. एकट्या कामगारांच्या सामाईक निवासात प्रत्येकाला स्वतःची खाट हवी. एकच खाट दोन पाळ्यांतील दोघांनी आळीपाळीने वापरण्याची पद्धत कुठेही मान्य करता कामा नये. सामान ठेवायला कुलपाचे कपाट आणि स्त्री कामगारांसाठी स्वतंत्र प्रसाधनगृहे या गोष्टी किरकोळ समजल्या जातात, पण कामगार टिकतो की सहा महिन्यांत निघून जातो ते बऱ्याचदा यांवर ठरते.

राहणाऱ्यांना न विचारता केलेल्या आखणीचे ठळक अपयश म्हणजे ब्राझीलमधील फोर्डलँडिया. हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने रबरासाठी १९२८ मध्ये तापाजोस नदीकाठी हे नगर वसवायला घेतले. घरांचा नमुना अमेरिकेतील थंड प्रदेशाचा आणि छपरे धातूची होती, त्यामुळे विषुववृत्ताजवळच्या उन्हात घरांची भट्टी होई. काय खावे, कसे राहावे याचे नियमही परके होते. १९३० च्या डिसेंबरात भोजनगृहातून दंगल उसळली. रबराची लागवडही रोगाने मारली आणि १९४५ मध्ये जागा सरकारला परत विकली गेली.

उद्योग गेल्यावर. खाण संपते, यंत्र जुने होते, मालक बदलतो. घर मात्र साठ-सत्तर वर्षे टिकते. कॅनडातील एलियट लेक हे नगर १९५० च्या दशकात युरेनियमच्या खाणींसाठी वसले. १९९० च्या दशकात खाणी बंद झाल्या आणि शेकडो घरे ओस पडण्याची वेळ आली. तेथील लोकांनी ती घरे एकत्रितपणे निवृत्त लोकांना स्वस्त भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि गाव तगले. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना वापरता येतील अशी घरे आणि ती कोणाला द्यायची हे ठरवू शकणारी स्थानिक संस्था, या दोन्ही गोष्टी हाताशी नसत्या तर हे जमले नसते.

जिथे घरे कंपनीच्या ताळेबंदात असतात तिथे वेगळे होते. दिवाळखोरीत ती धनकोंच्या दाव्यात अडकतात. पाणी, दिवाबत्ती आणि डागडुजी यांचा खर्च कोणी करायचा ते ठरत नाही, आणि वर्षानुवर्षे तिथे राहणारी कुटुंबे कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत ठरू शकतात. म्हणून रस्ते, जलवाहिन्या, शाळेची जागा आणि मोकळी मैदाने प्रत्येक टप्पा पुरा होताच नगरपालिकेच्या नावावर झाली पाहिजेत, आणि देखभालीची ठेवही त्यांच्याबरोबर हस्तांतरित झाली पाहिजे. कारखाना जोरात चालू असताना ही कागदपत्रे महिन्याभरात होतात. अवसायक, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, नेमला गेल्यानंतर एका पथदिव्याची मालकी ठरवायलाही न्यायालयात जावे लागते.