गाठ हाताला कडक का लागते?

स्तनातली कॅन्सरची गाठ बऱ्याचदा कडक लागते हे ऐकलेलं असतं (म्हणून मऊ गाठ सोडून द्यायची असं नाही हां, कुठलीही नवी गाठ डॉक्टरला दाखवायचीच). पण कडक का, हे सहसा कुणी विचारत नाही. गंमत म्हणजे कॅन्सरची पेशी सुटी काढून तपासली तर ती बरेचदा नॉर्मल पेशीपेक्षा मऊच निघते. कडक झालेलं असतं ते तिच्या आजूबाजूचं.

स्तनात दुधाच्या बारीक नळ्या असतात, नळ्यांभोवती एक पातळ पडदा, आणि त्याच्या बाहेर कोलॅजनचे (म्हणजे ऊतकाला आधार देणाऱ्या प्रोटीनचे) धागे, चरबी, रक्तवाहिन्या आणि फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. यालाच पुस्तकात संयोजी ऊतक म्हणतात. फायब्रोब्लास्टचं काम धागे विणायचं आणि जखम झाली की डागडुजी करायची, काम झालं की गप्प बसायचं. कॅन्सरच्या पेशी टीजीएफ-बीटासारखे सिग्नल (पेशींना निरोप देणारी प्रोटीन्स) सोडत राहतात आणि फायब्रोब्लास्टला वाटतं जखम अजून आहेच, मग ते धागे ओततच राहतात. हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने 1986 मध्येच ट्यूमरला 'न भरणारी जखम' म्हटलं होतं, आणि ते अगदी चपखल आहे. त्यात लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम हे धागे एकमेकांना घट्ट जोडतं, म्हणजे अजून कडकपणा. उंदरांमध्ये मोजलं तर नॉर्मल स्तनग्रंथी साधारण 170 पास्कल (हे कडकपणा मोजायचं एकक) आणि ट्यूमर 4000 च्या आसपास, वीस पटीहून जास्त!

बरं, हा कडकपणा म्हणजे नुसता परिणाम असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. पेशीच्या अंगावर इंटेग्रिन नावाचे प्रोटीन असतात, त्यांनी ती बाहेरचे धागे पकडून असते आणि बाहेर किती ताण आहे ते तिला त्यातून कळतं. बाहेर कडक लागलं की आत 'वाढ, हल' असे सिग्नल सुरू. म्हणजे कॅन्सर शेजार बिघडवतो आणि बिघडलेला शेजार कॅन्सरला अजून चढवतो.

यातला मला सगळ्यात भारी वाटणारा प्रयोग जीवशास्त्रज्ञ मीना बिसेल यांच्या अमेरिकेतल्या बर्कलीच्या लॅबमधला, 1997 चा. त्यांनी माणसाच्या स्तनातल्या कॅन्सरसारख्या झालेल्या पेशी सपाट डिशमध्ये न वाढवता जेलमध्ये वाढवल्या, तिथे त्यांचे वेडेवाकडे पुंजके झाले. मग एका अँटीबॉडीने बीटा-1 इंटेग्रिन ब्लॉक केलं, तर त्याच पेशी शहाण्यासारख्या गोल रचना करून बसल्या, वाढ थांबली. जीन्समधले बिघाड तसेच होते, एकही दुरुस्त झालेला नव्हता! अँटीबॉडी काढल्यावर परत पहिले पाढे पंचावन्न.

धाग्यांची दिशासुद्धा महत्त्वाची. सुरुवातीला ते गाठीभोवती गुंडाळल्यासारखे असतात, नंतर काही गाठींत ते सरळ बाहेरच्या दिशेने ताणलेले दिसतात आणि पेशी त्यांच्याच आधाराने बाहेर सरकतात. अशी रचना दिसलेल्या पेशंटमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण जास्त असल्याचं विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं. मॅमोग्राफीत ज्यांचे स्तन खूप डेन्स दिसतात, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथी-धागे जास्त, त्यांना धोका जास्त असतो, त्यामागेही कोलॅजनचा हात असावा असं मानतात.

मग धागेच तोडा की, असं वाटेल. पण ते इतकं सोपं नाही. आधी तर उलटाच उपाय करून झाला होता: पडदा आणि धागे कापणारी एन्झाइम्स बंद केली तर पेशी अडकून पडतील म्हणून नव्वदच्या दशकात मारिमास्टॅटसारखी औषधं आली, पेशंटवर फेल गेली, वर सांधेदुखी. आणि 2014 मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या उंदरांत हे फायब्रोब्लास्ट उडवून बघितले तर ट्यूमर उलट जास्त आक्रमक झाले, म्हणजे सगळेच फितूर नव्हते, काही जण कॅन्सरला अडवूनही धरत होते. त्यामुळे आता सरसकट मारण्याऐवजी त्यांच्यातले कोण कुठल्या बाजूचे ते ओळखायचं आणि बिघडलेल्यांना परत गप्प बसवायचं, यावर काम चाललंय.