क्रोमा शूटसाठी येण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या स्टुडिओत बेळगाव शहराबरोबरच खानापूर, निपाणी आणि चंदगड भागातूनही मंडळी येतात. कोणाला लग्नाच्या अल्बमसाठी फोटो हवे असतात, कोणाला क्लासच्या शिकवणीचे व्हिडिओ, तर शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीपूर्वी मंडळांना आपल्या प्रसंगाचे चित्रीकरण करून घ्यायचे असते. हिरव्या पडद्यासमोर उभे राहिले की मागे हवे ते दृश्य बसवता येते (यालाच क्रोमा म्हणतात), एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ते दृश्य खरे वाटणार की चिकटवल्यासारखे दिसणार, हे बहुतांशी चित्रीकरणाच्या आधीच ठरून जाते आणि एडिटरच्या हाती नंतर फार थोडे उरते. म्हणून हे पत्रक तारीख ठरवतानाच वाचावे, अशी विनंती आहे.

सॉफ्टवेअर चित्रातील एका ठराविक रंगाचा भाग ओळखून तो पारदर्शक करते आणि त्या जागी दुसरे चित्र दिसू लागते. हिरवा रंग निवडण्याचे एक कारण म्हणजे माणसाच्या त्वचेत, ती गोरी असो वा सावळी, तो फारसा नसतो. दुसरे कारण कॅमेऱ्यात आहे : बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार बिंदूंपैकी दोन हिरव्यासाठी आणि लाल व निळ्यासाठी एकेक असतो, त्यामुळे हिरव्याची नोंद अधिक स्वच्छ मिळते. फिल्मच्या जमान्यात निळा पडदाच अधिक चालत असे. तो आम्ही आजही ठेवला आहे, कारण आपल्याकडच्या लग्नांना त्याची गरज पडते.

हिरवा चुडा भरलेली नवरी हिरव्या पडद्यासमोर उभी राहिली, तर सॉफ्टवेअरला चुडा आणि पडदा यांतील भेद कळत नाही. बांगड्या नाहीशा होतात आणि मनगटाच्या जागी मागचा डोंगर दिसू लागतो. चुडा उतरवा, असे आम्ही कोणत्याही नवरीला सांगणार नाही. हिरवा शालू असो वा चुडा, तिच्यासाठी निळा पडदा लावला जाईल. पण त्याच जोडीतील नवरदेवाने निळा कुर्ता शिवलेला असेल, तर पंचाईत होते. म्हणून दोघांच्या कपड्यांचे फोटो आधी पाठवावेत. मोरपंखी रंग मात्र दोन्ही पडद्यांशी भांडतो, तो शक्यतो टाळावा. जरीचा काठ, ठुशी, पितळी समई, चष्म्याची काच अशा चकाकणाऱ्या वस्तूंवर पडद्याचा रंग उमटतो, आणि जाळीच्या ओढणीतून तर तो थेट दिसतो. अशा वस्तू आणू नयेत असे नाही, परंतु त्यांच्यासाठी प्रकाशाची मांडणी बदलावी लागते आणि तिला वेळ लागतो.

व्यक्तीने पडद्यापासून किमान सहा ते आठ फूट पुढे उभे राहणे आवश्यक असते. त्याहून जवळ गेल्यास पडद्यावरून परतलेला हिरवा उजेड खांद्यांच्या कडांवर, केसांवर आणि हनुवटीखाली साचतो, आणि तो काढताना चेहऱ्याचा रंगही फिका पडतो. पडद्याचे दिवे वेगळे आणि माणसांचे वेगळे असतात. पडद्यावर सावली किंवा सुरकुती पडली, की एकच हिरवा रंग कॅमेऱ्याला अनेक रंगांसारखा दिसतो.

मागचे दृश्य निवडताना ग्राहक सर्वांत कमी विचार करतात, असा आमचा अनुभव आहे. गोकाकचा धबधबा वारंवार मागितला जातो. घटप्रभा नदी तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि तिचे भरलेले रूप पावसाळ्यातले, म्हणजे बहुधा ढगाळ उजेडातले असते. अशा फोटोसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या गालावर दुपारच्या उन्हासारखा कडक प्रकाश असेल, तर काय चुकले हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण फसवणूक लगेच जाणवते. मागचे चित्र आधी मिळाले, तर त्यातील उजेडाची दिशा, त्याचा मऊपणा आणि कॅमेऱ्याची उंची पाहून आम्ही दिवे लावतो. ड्रोनने वरून टिपलेल्या दृश्यापुढे समोरून घेतलेला माणूस हवेत तरंगतो. पायांसह पूर्ण उंचीचे चित्र हवे असेल, तर जमिनीवरची सावलीही जुळवावी लागते. कमरेपर्यंतच्या चौकटीत हा प्रश्न येत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या चित्रावर दुसऱ्याचा हक्क असतो, त्यामुळे स्वतः काढलेले किंवा परवानगी घेतलेले चित्रच आणावे. आणि जिथे सहज जाता येते, तिथे प्रत्यक्ष जाऊन चित्रीकरण करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. येळ्ळूरच्या राजहंसगडासाठी क्रोमाचा खर्च करण्यात अर्थ नाही.

स्वतःचा कॅमेरा आणणाऱ्या छायाचित्रकारांनी फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये घ्यावेत आणि व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवण्याची सोय) ऑटोवर ठेवू नये. व्हिडिओसाठी रंगाची अधिक तपशीलवार नोंद ठेवणारी ४:२:२ आणि १० बिटची सोय असल्यास तीच वापरावी, कारण ४:२:० मध्ये दर चार बिंदूंमागे रंगाची एकच नोंद राहते आणि केसांच्या कडा कापताना करवतीसारख्या दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ फ्रेम असताना १/५० सेकंदाचे शटर योग्य ठरते. लेझीम किंवा दांडपट्ट्यासारख्या वेगवान हालचालींसाठी ते १/१०० करावे, म्हणजे हात आणि पडदा एकमेकांत मिसळत नाहीत. शटर वाढवल्यावर प्रकाशही वाढवावा लागतो, हे आम्हाला आधी सांगावे.

पडद्याच्या फरशीवर चपला-बुटांसह जाता येत नाही. बूट वेशभूषेचा भाग असतील, तर त्यांचे तळवे पुसून दिले जातील. मूळ फुटेज त्याच दिवशी नेण्यासाठी रिकामी हार्ड डिस्क सोबत आणावी.