इंजिन उतरवणे (जुन्या मोटारीचे)

इंजिन उतरवणे : मोटारीचे इंजिन सुटे करून बाहेर काढणे. मोठ्या दुरुस्तीसाठी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘फुल इंजिन काम’ करण्यासाठी, ही पहिली पायरी असते. जुन्या मोटारी जपणाऱ्यांत या कामाचा दबदबा आहे, पण त्यातला अवघड भाग वजन उचलण्याचा नाही. चेनपुलीने उचलण्याचे काम एकटा माणूस अर्ध्या तासात उरकतो. खरी कसोटी लागते ती काही महिन्यांनी, लेथवाल्याकडून ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) परत आल्यावर, कोणता बोल्ट कुठला ते आठवताना.

महाराष्ट्रात या कामाचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मूळ फियाट ११०० ही गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात परवान्याखाली बनत असे. १९७४च्या सुमारास तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, तरी लोकांनी तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हटले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती दशकानुदशके धावली. नोंदणीतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्याने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून निघाली. तिचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, त्यावरचे झाकण म्हणजे हेड अॅल्युमिनियमचे, आणि पिस्टनांच्या धावेने फिरणाऱ्या क्रँक या दांड्याला तीन मेन बेअरिंग. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, त्यामुळे गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीशी आणि त्यामागे मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट अशी सरळ रांग असते. ही रांग कुठे तोडायची, हाच उतरवण्यातला मुख्य निर्णय.

मुळात उतरवायचे का, हे आधी ठरवावे लागते. निळा धूर, तेल खाणे, चढावर दम तोडणे एवढ्यावरून इंजिन खाली घेणारे गॅरेज घाई करते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजताना एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केटकडे पाहायचे. नुसते व्हॉल्व्ह घासायचे असतील तर हेड गाडीवरच निघते. खालचा ऑइल पॅनही सोडता आला, तर रिंग-पिस्टन बदलण्याचे ‘हाफ इंजिन काम’ जागेवरच होते. पण इंजिन तापल्यावर मंद चालीत तेलाचा दिवा लुकलुकू लागला आणि खालून ठोका ऐकू आला, तर क्रँक बाहेर काढावा लागणार, आणि त्यासाठी इंजिनाला गाडी सोडावीच लागते.

सुरुवात बॅटरीची अर्थ वायर काढण्यापासून. मग बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती पेन्सिलने रेघ मारून बॉनेट उतरवतात. ही रेघ विसरली तर परत बसवताना फट सारखी करण्यात दिवस जातो. पाणी आणि तेल काढायचे. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नळाचे पाणी भरलेल्या गाडीतून गंजाचा लाल गाळ निघतो आणि ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या चकत्या आतून पोखरलेल्या सापडतात. रेडिएटर आणि पंखा काढला की पुढे जागा होते आणि रेडिएटरची जाळीही वाचते. त्यानंतर होज पाइप, कार्बोरेटरची केबल, पेट्रोलची नळी, डायनामो, सेल्फ आणि डेल्कोच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) वायरी, सायलेन्सरचा पाइप. पेट्रोलच्या नळीचे तोंड घट्ट बंद करायचे आणि त्या दिवशी गॅरेजात विडी पेटू द्यायची नाही. सायलेन्सरचे नट हमखास गंजलेले असतात. आदल्या रात्री त्यांना गंज सोडवणारे तेल पाजले नाही, तर सकाळी स्टड तुटतो आणि अर्धा दिवस ड्रिल मारण्यात जातो.

खुणा करायच्या त्या याच टप्प्यावर. प्रत्येक वायरीला कागदी टेप आणि क्रमांक, प्रत्येक जोडाचे मोबाइलवर दोन कोनांतून फोटो, प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात. जुने मिस्त्री काढलेला बोल्ट त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवत; ती पद्धत आजही सर्वांत भरवशाची. सगळे एकाच तसराळ्यात ओतणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढता येतात, किंवा गिअरबॉक्स आधी खाली घेऊन इंजिन एकटे वर काढता येते. एकत्र काढताना जोडणी सुटत नाही, पण लांब धूड तिरके करून बाहेर घ्यावे लागते. वेगळे काढताना गिअरबॉक्सखाली जॅक हवाच. इंजिनाचा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लटकला तर क्लच प्लेट वाकते. (फोक्सवॅगन बीटलचे इंजिन मागे असते आणि ते खालून निघते, तिथे हा सगळा खटाटोप उलटा होतो.)

चेनपुली टांगायला गॅरेजात गर्डर असतो. तो नसेल तिथे लोखंडी पाइपांची तिवई उभी करतात. झाडाची फांदी हा जुना उपाय खेड्यांत दिसतो, पण फांदी मोडण्याआधी सांगत नाही. माउंटिंगचे बोल्ट सोडण्यापूर्वी साखळी ताणून भार तिच्यावर घेतात. मग थोडे वर, थांबून चारी बाजूंनी हात फिरवायचा, पुन्हा थोडे वर. इंजिन अडले तर ओढायचे नाही. कुठेतरी एक वायर किंवा अर्थची पट्टी राहिलेली असते. लटकत्या इंजिनाखाली हात-पाय घालायचा नाही, हा नियम अनुभवी माणूसच जास्त मोडतो.

खाली घेतलेल्या इंजिनाचे हेड थंड असतानाच उघडतात आणि नट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करतात. नाहीतर अॅल्युमिनियमचे हेड वाकडे होते. बेअरिंगच्या टोप्या आणि कनेक्टिंग रॉड ज्याचे त्यालाच जातात. बोअर लेथवाल्याकडे दहा, वीस, तीस हजारांश इंच अशा मापांनी वाढतो आणि त्याच मापाचे पिस्टन घ्यावे लागतात. म्हणून शहाणा माणूस आधी पिस्टन मिळवतो, मग बोअर करतो. मर्यादा संपली की ब्लॉकच्या सिलिंडरांत स्लीव्ह (आतली नळी) बसवून पुन्हा मूळ मापावर आणतात.

ब्लॉक टाकून दुसरा घालणे कधी स्वस्त पडते, पण इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. तो बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते आणि संग्राहकांच्या लेखी गाडीचे मोलही उतरते. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नसावा, अशी अट आहे. मूळ ब्लॉक बोअर करून परत बसवणे आणि त्या जागी दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन घालणे यांतला फरक इथे कागदावर येतो.

इंजिन परत बसल्यावर लगेच पेटवत नाहीत. प्लग काढून सेल्फ मारत राहतात आणि तेलाचा दाब चढल्यावरच प्लग लावतात. पहिले तेल काहीशे किलोमीटरवरच काढून टाकतात. उन्हात धरले तर त्यात नव्या रिंगांनी घासलेल्या लोखंडाची बारीक चमक दिसते.