रेशनच्या तांदळातलं लोह आणि पेशींचं वय : पार्श्वभूमी

आहारातली खनिजं आणि पेशींचं म्हातारपण यांची सांगड तशी अलीकडची. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे १९६१ साली पुढे आलं. गुणसूत्रांच्या टोकांचे टेलोमिअर दर विभाजनाला झिजतात आणि फार आखूड झाले की पेशी थांबते, हे नंतर उमगलं. टेलोमिअरवरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. आहाराशी ताळा लावायला संशोधकांच्या हाती होते अमेरिकेतल्या १९९९ ते २००२ च्या आरोग्य पाहणीतले रक्ताचे नमुने. जस्त, मॅग्नेशियम, सेलेनियम पोटात बऱ्यापैकी जाणाऱ्यांचे, विशेषतः पंचेचाळिशीपुढच्यांचे, टेलोमिअर थोडे लांब दिसतात, असे निष्कर्ष त्यातून निघाले. मात्र तो आहार 'काल दिवसभरात काय खाल्लं' एवढ्याच विचारणीवर मोजलेला होता. त्यावरून गोळ्या विकणाऱ्यांचं धाडस मोठंच म्हणायचं.

आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-अथणीच्या शेतकऱ्याला झिंक (म्हणजे जस्त) आणि मॅग्नेशियम भेटतात खताच्या दुकानात. उसाचं पान पिवळं पडलं की सल्फेटची पिशवी येते. ताटातलं झिंक कोण मोजतंय? ज्वारीची भाकरी, उसळ, खानापूरकडे भात आणि नाचणी, यांत खनिजं आहेत, पण धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि जस्त धरून ठेवतं आणि आतड्यात ते पुरतं शोषलं जात नाही. पुरुषांसाठी जस्ताची शिफारस २०२० मध्ये दिवसाला १२ वरून १७ मिलिग्रॅम झाली, त्यामागे हेच गणित होतं. रेशनचा पांढराशुभ्र तांदूळ आल्यापासून बऱ्याच घरांत रात्रीची भाकरी मागे पडली, आणि कोंड्याबरोबर खनिजंही गिरणीतच राहिली.

खरा वाद पेटला तो लोहावरून. सरकारी योजनांतला सगळा तांदूळ २०२४ पर्यंत पोषणयुक्त करायचा, अशी घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून दाणे काढायचे आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात घालायचे. गावोगाव पहिली ओरड झाली ती 'प्लास्टिकचा तांदूळ आला' अशी. धुताना काही दाणे वर तरंगतात; बायका ते वेचून टाकायच्या, म्हणजे नेमकं लोहच उकिरड्यावर.

ही ओरड खोटी होती, पण दुसरा आक्षेप, हे लोह सगळ्यांनाच लागत नाही हा, तसा नव्हता. किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम, म्हणजे दीडशे ग्रॅम तांदळातून चार ते सहा. शिफारस दिवसाला बाईला २९ मिलिग्रॅम, पुरुषाला १९. राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय. त्यांना हे थोडंफार उपयोगाचंच. पण एकाच पातेल्यातला भात सूनही खाते आणि साठीचा सासराही. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. पाळी चालू असलेल्या बाईचं लोह दरमहा जातं, पुरुषाचं आणि पाळी थांबलेल्या बाईचं साचत राहतं. सुटं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भिडलं की अतिक्रियाशील मूलकं (फ्री रॅडिकल) तयार होतात; ही क्रिया रसायनशास्त्राला १८९४ पासून ठाऊक, मूलकांचा उलगडा मात्र नंतरचा. टेलोमिअरमध्ये ग्वानिन हा डीएनएचा घटक भरपूर, आणि ग्वानिनलाच त्या मूलकांचा मार सहज बसतो. अंगात लोह जास्त असलेल्यांचे टेलोमिअर आखूड, असंही काही अभ्यासांत दिसलं. भातातले चार-सहा मिलिग्रॅम धडधाकट माणसाला तिथवर नेतील, असं मात्र कुणी दाखवलेलं नाही.

थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाच्या रुग्णांची गोष्ट वेगळी. वारंवार रक्त चढवल्याने त्यांच्या अंगात लोह आधीच तुंबलेलं असतं. म्हणून पिशवीवर सूचना होती : थॅलेसेमियाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली खावं, सिकल सेल (हाही रक्ताचाच आजार) असलेल्यांनी टाळावं. ही सूचना अनावश्यक आहे, असं तज्ज्ञांच्या समितीने ठरवलं आणि २०२४ मध्ये ती काढली गेली. प्रमाण किरकोळ आहे, हा समितीचा मुद्दा चुकीचा नाही. पण दोन ओळींची शाई वाचवून काय साधलं, हे कळत नाही. तसंही आपल्याकडे तांदूळ तराजूवर तोलून ग्राहकाच्या पिशवीत ओतला जातो. पोत्यावरचं वाचणार कोण? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये योजनेला डिसेंबर २०२८ पर्यंत मुदतवाढ मिळाली.