लायडेनफ्रॉस्ट परिणाम

एखाद्या द्रवाचा थेंब त्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा बराच अधिक तापलेल्या पृष्ठभागावर पडला असता त्याच्या खालच्या बाजूची तत्काळ वाफ होऊन तिच्या पातळ थरावर थेंब तरंगत राहतो, या आविष्काराला हे नाव आहे. घावन किंवा आंबोळी घालण्यापूर्वी तवा तापला का, हे पाहण्यासाठी त्यावर पाण्याचा हबका मारतात, तेव्हा तो घरोघरी दिसतो. बेताने तापलेल्या तव्यावर पाणी पसरते आणि चर्र आवाज करून क्षणात आटते; तवा फार तापला असेल, तर मात्र त्याचे मोत्यांसारखे थेंब होऊन इकडेतिकडे धावतात व बराच वेळ टिकतात.

अधिक तापलेल्या तव्यावर पाणी उशिरा आटावे, ही वरकरणी विसंगत वाटणारी गोष्ट वाफेच्या थरामुळे घडते. हा थर साधारणतः ०·१ मिमी. जाडीचा असतो आणि वाफेची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाइतकीच असल्याने धातूची उष्णता थेंबापर्यंत सावकाश पोहोचते. धातूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याच्या बाबतीत हा आविष्कार सुमारे २००° से. तापमानास सुरू होतो, असे सामान्यतः मानले जाते; तथापि पृष्ठभागाचा खडबडीतपणा, त्यावरील तेलाचा लेप व पाण्यातील क्षार यांनुसार हा आकडा बराच बदलतो, म्हणून तो स्थिरांक समजू नये.

शोधाच्या श्रेयाविषयी एकवाक्यता नाही. डच वैद्य हेर्मान बूरहाव्ह यांनी १७३२ मध्ये तप्त लोखंडावर मद्यार्काचे थेंब तत्काळ पेट न घेता पाऱ्यासारखे घरंगळतात, अशी नोंद केली होती. जर्मन वैद्य योहान गोटलोप लायडेनफ्रॉस्ट यांचा लॅटिन प्रबंध १७५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लाल होईपर्यंत तापविलेल्या लोखंडी पळीत एकामागून एक थेंब सोडून त्यांचा टिकण्याचा काळ मोजला. पहिला थेंब ३० सेकंदांहून अधिक टिकला, पळी निवत गेल्यावर दुसरा ९-१० सेकंद आणि तिसरा काही सेकंदच टिकला. थेंबामागे मेणबत्ती धरली असता थेंब व पळी यांमधील फटीतून उजेड दिसतो, हेही त्यांनी पाहिले. थेंब आटल्यावर उरणाऱ्या कणावरून पाण्याची माती होते, असा जो निष्कर्ष त्यांनी काढला, तो चुकीचा होता. परंतु निरीक्षणाची ही काटेकोर पद्धत पाहता त्यांचेच नाव रूढ झाले, हे उचित वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील बूतीन्यी यांनी अशा थेंबांना द्रव्याची स्वतंत्र ‘गोलाभ अवस्था’ मानले, ते मत पुढे टिकले नाही.

तापवलेले पोलाद पाण्यात बुडवून कठीण करताना असाच वाफेचा थर धातूभोवती जमून निवण्याचा वेग मंदावतो. स्वयंपाकात मात्र थेंब धावू लागले की तवा गरजेपेक्षा अधिक तापला, असे समजावे. अशा तव्यावर आंबोळीचे पीठ पसरण्याआधीच धरते. तेव्हा आच कमी करून पुन्हा हबका मारतात आणि पाणी चर्र करून पसरले, म्हणजे पीठ घालतात.