गिझर दुरुस्त करावा की बदलावा?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या दुकानातला फोन खाली ठेवायला सवड मिळत नाही. उन्हाळाभर बंद ठेवलेला गिझर पहिल्या अंघोळीसाठी म्हणून चालू करायचा आणि नेमका त्याच दिवशी त्याने दगा द्यायचा, हे दरवर्षीचं. घाईत लोक थेट नवाच मागतात. विकणं हा आमचा धंदा आहे, पण यातल्या बऱ्याच जणांना नव्याची गरज नसते. ती कुणाला असते, एवढंच इथे सांगतो.

गिझर म्हणजे एक टाकी आणि तिला जोडलेले सुटे भाग. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग), सेफ्टी व्हॉल्व्ह, वॉशर हे सगळं बदलता येतं. टाकी बदलता येत नाही. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, दुखणं टाकीचं आहे की भागांचं?

पाणी गळतंय, पण कुठून?

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब थेंब येत असेल तर घाबरू नका. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटरच्या टाकीत साधारण पेलाभर पाणी जास्तीचं होतं आणि ते तिथून बाहेर पडतं. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदलायचा. कॉइल जिथे बोल्टने बसवलेली असते तिथून ओल दिसली तर बहुधा वॉशर गेलेला असतो, तो किरकोळ खर्च. पण बाहेरच्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या आवरणाच्या तळातून पाणी झिरपतंय, सोबत गंजाचा तांबूस डाग आहे, आणि वरचे सगळे जोड कोरडे आहेत, तर टाकी फुटली. तिला वेल्डिंग करून देणारे भेटतील. आम्ही करत नाही. आतला काचेचा लेप त्या उष्णतेने जळतो आणि काही महिन्यांत शेजारी दुसरं भोक पडतं.

तांबूस पाण्याचंही तसंच. एका पांढऱ्या बादलीत गार नळाचं पाणी घ्या, दुसरीत गिझरचं. दोन्ही तांबूस असेल तर दोष घरातल्या जुन्या लोखंडी पाइपचा. फक्त गरम पाणी तांबूस असेल तर टाकी आतून गंजू लागली आहे.

आपल्याकडचं पाणी

उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत अनेक घरांत बोअरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तेच गिझरमध्ये जातं. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. पाणी जितकं जास्त तापवाल तितके ते भराभर कॉइलवर बसतात. पांढरा थर जाड झाला की आत कॉइल स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस जळते. चालू असताना गिझरमधून तडतड किंवा खदखद असा आवाज येतो तो याच थराचा. टाकी खोलून क्षार काढले की आवाज जातो. गिझर बदलायचं हे कारण नाही.

टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. टाकीचा गंज ती स्वतःवर घेते आणि झिजत जाते. ती संपली की गंजाची पाळी टाकीची. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी दरवर्षी दिवाळीआधी गिझर साफ करून घ्यावा आणि तेव्हाच कांडी बघायला सांगावं. नवी कांडी टाकीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

गच्चीवरची टाकी रिकामी झालेली असताना गिझर चालू करू नका. त्याच्या गार पाण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह खराब असेल तर आतलं पाणी उलटं निघून जातं आणि कॉइल कोरडी जळते.

पाणी उशिरा तापतंय

2 किलोवॅटच्या कॉइलने 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 20 मिनिटं लागतात, 25 लिटरला अर्धा तास. थंडीत नळाचं पाणीच जास्त गार असतं, तेव्हा थोडी जास्त. पण व्होल्टेज 230 ऐवजी 200 झालं तर तीच कॉइल दीड किलोवॅटच काम करते. त्यामुळे फक्त सकाळी वेळ लागत असेल आणि दुपारी नाही, तर आधी व्होल्टेज तपासा. दोन्ही वेळेला पाणी कोमटच राहत असेल तर थर्मोस्टॅट बघावा लागेल.

इथे मात्र थांबू नका

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, किंवा गिझर लावताच एमसीबी पडू लागली, तर मेन स्विच बंद करून आम्हाला बोलवा. कॉइल फुटलेली असते किंवा अर्थिंग तुटलेलं असतं. कटआउट वारंवार पडतो म्हणून तो 'डायरेक्ट' करून, म्हणजे वगळून थेट वायर जोडून देणाऱ्या मिस्त्रीला परत पाठवा. गळतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारणं तर त्याहून वाईट, टाकी फुटू शकते.

गॅस गिझर असेल तर ज्योत निळीच हवी. पिवळी दिसली की वापर बंद. बंद बाथरूममध्ये तो बसवूच नये. जळताना होणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

मग नवा कधी?

टाकी गळली तर लगेच. टाकी शाबूत आहे, पण गिझर 8-10 वर्षांचा झालाय आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जातोय, तर पैसे नव्यात घाला. घेताना उंच इमारतीत राहणाऱ्यांनी टाकी 8 बार दाबाची आहे का बघावं. गिझर तासन्‌तास चालू ठेवायची सवय असेल तर जास्त स्टारचा घ्यावा, त्यात गरम पाणी हळू निवतं. वापरण्याआधी लावून लगेच बंद करणाऱ्यांना स्टारचा फरक फारसा जाणवत नाही. प्लग 16 अँपिअरच्या सॉकेटलाच, एक्स्टेन्शन बोर्डवर कधीच नाही. हमीपत्रात टाकीची आणि कॉइलची मुदत वेगळी असते, ती दोन्ही वाचून घ्या.

फोन करण्याआधी गिझरवरच्या माहितीच्या पट्टीचा आणि गळतीच्या जागेचा फोटो काढून ठेवा, आणि पाणी बोअरचं आहे की नळाचं तेही सांगा. बरोबर भाग घेऊनच माणूस येईल, दुसरी फेरी पडणार नाही.